पाणी मागायला आलेली बाई

माझ्या आईचा जगात कशावर विश्वास असेल तर तो फक्त कडीकोयंड्यावर, आणि तोही एकदा ओढून बघितल्यावर. बाबा मद्रासजवळच्या आवडी गावच्या सरकारी फॅक्टरीत होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. फॅक्टरीत काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही, असा बाबांना नियम होता. आईने तो नियम आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ओढला होता. शेजारच्या बाईंनी हसून विचारलं, "आज काय केलंय?" की आई म्हणायची, "काही नाही, असंच." आत वांगी भाजलेली असायची, वास तळमजल्यापर्यंत गेलेला असायचा, पण आमच्या घरी आज भरीत आहे हे आईच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. "त्यांना कशाला हवंय आपल्या भरताचं?" दार लावल्यावर ती मला विचारायची, जणू त्या बाई भरताचा पत्ता काढून रात्रीतून पळवणार होत्या. सकाळी भोंगा झाला की बाबा सायकल काढायचे, मागून आई खिडकीत उभी राहायची, आणि ते वळणापलीकडे गेले की दाराला आतून साखळी लागायची. त्या साखळीचा खळ्ळ आवाज आणि पाठोपाठ परातीवर भाकरी थापल्याचा आवाज, हे माझ्या लहानपणाचं संगीत. मद्रासच्या इतर मुलींना सुप्रभातम् असायचं, मला साखळी.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबांना मद्रासची नोकरी लागली तेव्हा मी कडेवर होते, म्हणून तमिळ मला मराठीच्या बरोबरीनेच आली. ताई माझ्याहून मोठी, ती निभावून नेण्यापुरतं बोलायची. बाबा आकडे आणि "सरि, सरि", म्हणजे बरं, बरं, एवढ्यावर भागवायचे. आई मात्र वर्षानुवर्षं एक अक्षर शिकली नाही. "शिकले तर त्यांना कळेल मला कळतं," असं तिचं म्हणणं होतं. तिला दुभाषी म्हणून मी होते. बाजारात ती मराठीत संशय घ्यायची, मी तो तमिळमध्ये साखर घालून पुढे द्यायचे. "विचार त्याला, तराजूला खाली काय चिकटवलंय?" असं आई म्हणाली की मी म्हणायचे, "अण्णा, जरा नीट मोजून द्या हं." तो हसून एक कांदा वर टाकायचा. मग आई म्हणायची, "बघ, चोराच्या मनात चांदणं. उगीच नाही कांदा टाकला."

आणि एक मोठी सोय होती. त्या सगळ्या गावात मराठी म्हणजे आमची घरची कुलुपबंद पेटी. बसमध्ये, दुकानात, डॉक्टरांच्या बाकड्यावर, समोरच्याच्या तोंडावर आम्ही वाट्टेल ते बोलायचो. समोरची बाई नेसलीये ती साडी, तिच्या नवऱ्याचं पोट, तिच्या पोराचं वाहणारं नाक, सगळ्यावर आईची टिपणी मोठ्या आवाजात चालायची आणि ती बाई आमच्याकडे बघून प्रेमाने हसायची. बाबा तेवढे दबकत म्हणायचे, "अगं, हळू." आई म्हणायची, "कुणाला कळतंय!" हे "कुणाला कळतंय" आमच्या घराचं ब्रीदवाक्य होतं म्हणा ना.

सहली आम्हाला ठाऊक नव्हत्या. रविवार म्हणजे कपडे भिजवणं, केस धुणं आणि दुपारी बाबांचं घोरणं. वर्षाकाठी एकदा समुद्र, तोही दुरून, कारण लाटेचाही भरवसा नाही. आणि मग मी अकरावीत असताना एका रविवारी सकाळी आईने दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी डबीत भरली आणि म्हणाली, "चला, टी. नगरला जाऊन येऊ. पोरींना जरा शहर बघू दे." बाबांनी पेपर खाली केला. मी आणि ताईने एकमेकींकडे पाहिलं. पाणी कुठंतरी मुरत होतं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा कुठं मुरतंय तेही मला कळलं.

झालं होतं असं. ताई कॉम्प्युटरच्या एका कंपनीत लागली होती. रोज आवडीहून लोकलने शहरात जायची. तिथंच माधव म्हणून एकाची ओळख झाली, तो नंतर एन्नोरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर म्हणून गेला, पण ओळख काही गेली नाही. ताईने आईला सरळ सांगितलं, मला याच्याशी लग्न करायचंय. आणि घाबरत घाबरत हुकमाचं पान टाकलं, "आई, ते मराठीच आहेत. तंजावरकडचे. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. कुलदैवतसुद्धा तुळजापूरची भवानी."

"आडनाव काय?" आईने विचारलं.

"आडनाव... ते लावत नाहीत. इकडे पद्धत नाही ना. नुसतं एस. माधव राव."

"राव हे काय आडनाव झालं? राव तर आमच्या गावचे गणपतरावही आहेत. पाटील, जाधव, कुलकर्णी, काहीतरी असेल की नाही? तीनशे वर्षांत हरवलं का?"

"त्याला माहीत नाही. तो म्हणाला, अम्माला पुसतों."

"पुसतों!" आईने हात जोडले. "स्वतःचं आडनाव माहीत नाही आणि आईला पुसतोय. पुसतोय की पुसून टाकतोय? अगं, आडनाव नसलेला माणूस म्हणजे नंबरप्लेट नसलेली गाडी. ठोकून गेला तर शोधायचा कुठं?"

ताई रडली नाही. ती आमच्यात एकटीच शांत डोक्याची. एवढंच म्हणाली, "तू हवी ती चौकशी कर. पण मामाने आणलेलं ते साताऱ्याचं स्थळ मला दाखवू नकोस. हे नाही झालं तर मी कुठंच करणार नाही. कमळ मावशीसारखी राहीन घरात." हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम म्हटलं की तोंडातून गेलं, मला आजही ठरवता येत नाही. आई उठून आत गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जास्त.

कमळ मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. तिचं लग्न नात्यातल्याच एकाने जमवलं होतं. माणसं गोड, बोलणं गोड, हुंड्याचं नाव नाही. घरातल्या कुणाला चौकशी करावीशी वाटली नाही; उलट, नात्यातल्या माणसाने आणलेल्या स्थळाची चौकशी करणं म्हणजे त्याचा अपमान, असं आजोबा म्हणाले. आई तेव्हा परकर नेसून करवली म्हणून मिरवली होती. लग्नानंतर सहाएक महिन्यांत कळलं की नवऱ्याचा दुसऱ्या गावी आधीचा संसार आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत. मावशी परत आली ती भावाच्या चुलीपाशी बसली, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या भाकरी थापत राहिली. आईचा संशय तिथून आला, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, काही बायकांना वात असतो, आमच्या आईला संशय आहे.

तर टी. नगर. साड्यांच्या दुकानांची ती प्रचंड गर्दी, गजऱ्यांचा वास, "वांगम्मा, वांग" म्हणून ओढणारी दुकानातली माणसं, आईने पर्स पोटाशी धरलेली आणि पर्सला वरून आणखी एक सेफ्टी पिन. साडी बघायचं नाटक एका दुकानात झालं, आणि मग आई सहज फिरल्यासारखी मागच्या गल्लीत वळली. तिथं एका तीन मजली इमारतीत माधवचं घर होतं, पत्ता आईने ताईकडून काढला होता. ताईला बाबांबरोबर रसवंतीपाशी उभं केलं, आणि मला पुढे घातलं. इमारतीखाली इस्त्रीवाला होता. मी त्याला विचारलं, वरचे राव कसे आहेत? तो म्हणाला, फार चांगली माणसं, मुलगा तर हिरा. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पढवलेला दिसतोय." पुढे फुलवाली होती. तीही म्हणाली, चांगली माणसं. किराणावालाही तेच म्हणाला. आईचा चेहरा अधिकाधिक काळजीचा होत गेला. "एवढ्या लोकांत एकालाही काही वाईट सांगता येऊ नये? असं कुठं माणूस असतं का? नक्की काहीतरी मोठं आहे." परतीच्या लोकलमध्ये दशम्या कुणीच खाल्ल्या नाहीत. बाबा तेवढे म्हणाले, "चटणी छान झालीये," आणि आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

त्यानंतर काही दिवसांनी ती बाई आली. उन्हाळा मी मी म्हणत होता, दुपारची वेळ, बाबा फॅक्टरीत, ताई कामावर, जिन्यात चिटपाखरू नाही. दार वाजलं. आईने साखळी न काढता फटीतून पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, सुती साडी, डोक्यात मोगरा, हातात लग्नात देतात तसली पिवळी कापडी पिशवी, घामाने निथळत होती. तमिळमध्ये म्हणाली, कोंजम तण्णी किडैक्कुमा, थोडं पाणी मिळेल का.

"काय म्हणतेय?" आई.

"पाणी मागतेय."

"दोन मजले चढून? खाली नळ आहे की. सगळी घरं सोडून आपल्याच दाराशी बरी तहान लागली. बघ, डोळे कसे फिरतायत, घरात काय काय आहे ते बघतेय. टेहळणीला पाठवतात अशा बायका, पुरुष मागून येतात. त्या पिशवीत काय आहे बघ जरा, वाकून."

मी आपली मध्ये उभी. बाईंनी फटीतून देव्हाऱ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे पाहिलं, मग मला विचारलं, घरात किती माणसं तुम्ही?

हे मी आईला मराठीत सांगितलं मात्र, तिने माझा दंडच धरला. "बघ! म्हटलं नव्हतं? सांग तिला, घरात पाच पुरुष आहेत. सगळे झोपलेत. सगळे मिलिटरीतले."

मी सांगितलं, पाच पुरुष आहेत. बाईंनी मान हलवली, आमच्या उंबऱ्यात असलेल्या बाबांच्या एकुलत्या एक चपलांच्या जोडीकडे पाहिलं. तोवर आई आत गेली होती. पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली आणि वर बशीत गुळाचा खडा. मी म्हटलं, "अगं, चोर म्हणतेस आणि गूळ देतेस?" आई चिडूनच म्हणाली, "उन्हातून आलीये ती. नुसतं पाणी बाधतं. चोर असली म्हणून काय तिला तहान लागत नाही? धर, आणि हात आत ठेवून दे." मी फटीतून भांडं दिलं, बशी दिली. बाई पाणी प्यायल्या, गूळ मात्र खाल्ला नाही, मुठीत धरला आणि जिना उतरून गेल्या. आई दाराला कान लावून शेवटची पायरी वाजेपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "गूळ खाल्ला नाही बघितलंस? आपल्या गुळावर संशय! काय जमाना आलाय."

त्या संध्याकाळी दाराला दुसरी कडी बसली. संपूर्ण मजल्यावर आईने सांगितलं, म्हणजे माझ्याकडून सांगवलं, की पिवळ्या पिशवीवाली बाई दिसली तर दार उघडू नका. बिचाऱ्या शेजारणींनी पुढे किती पिवळ्या पिशवीवाल्यांना दारातून परत पाठवलं असेल देव जाणे, कारण मद्रासमध्ये निम्म्या बायकांच्या हातात तीच पिशवी असते.

पुढची सहल एन्नोरची. एन्नोरला सहलीला गेलेलं जगातलं ते पहिलंच कुटुंब असावं. बाबा पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाले, "अगं, तिथं राख आहे, धुराडी आहेत. बघायचं काय?" आई म्हणाली, "समुद्र." लोकल, मग बस, मग पायी. एकीकडे वाळत घातलेली जाळी आणि सुक्या मासळीचा वास, दुसरीकडे आभाळात घुसलेली धुराडी, आणि हवेत अशी बारीक काळी पूड की आमच्या दशम्यांवर कुणीतरी मिरी भुरभुरल्यासारखी दिसत होती. आई आम्हाला घेऊन वीजकेंद्राच्या गेटसमोर एका दगडावर बसली. तिला बघायचं होतं, माधव खरंच तिथं कामाला आहे की नुसता तसं सांगतो. तासभर आम्ही डबा मांडीवर घेऊन गेटकडे बघत होतो, आणि गेटवरचा वॉचमन आमच्याकडे बघत होता. शेवटी तो काठी घेऊन आला.

"कोण तुम्ही? इथं काय बघताय मघापासून?"

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग, समुद्र बघायला आलोय." मी सांगितलं. वॉचमनने वळून पाहिलं. समुद्र आमच्या पाठीमागे होता. आम्ही चौघं त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. त्याने आमचा डबा उघडायला लावला, दशमी उलटी करून बघितली, बाबांचं ओळखपत्र मागितलं. त्यावर फॅक्टरीचं नाव वाचून तर त्याचा चेहराच बदलला. सरकारी दारूगोळ्याकडचा माणूस वीजकेंद्राच्या गेटवर का बसतो, असं त्याच्या मनात आलं असणार. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माझ्या आईवर त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी रीतसर संशय घेतला, आणि ती नुसती पदराशी चाळा करत उभी राहिली. बाबा "सरि, सरि" म्हणत होते, आणि त्याने गोष्ट आणखीच बिघडत होती.

एवढ्यात गेटातून हेल्मेट घातलेला एक उंच पोरगा बाहेर आला. ताईने मान खाली घातली त्यावरून मी ओळखलं. त्याने आम्हाला पाहिलं, क्षणभर थबकला, मग सरळ वॉचमनकडे जाऊन म्हणाला, "एंग वीट्टु आळुंग." वॉचमनने काठी खाली केली.

"काय म्हणाला?" आईने मला कोपराने ढोसलं.

"म्हणाला, आमच्या घरची माणसं आहेत."

माधव हेल्मेट काढून आमच्यापुढे आला आणि वाकून नमस्कार केला. त्याच्या मराठीत जुन्या पोथीतले शब्द आणि तमिळचा हेल होता. "समुद्र पाहावयास आलांत, मामी? ऊन फार. समुद्र त्या बाजूस आहे. मी दाखवितों." चेहऱ्यावर हसू नाही, थट्टा नाही. त्याने खरंच आम्हाला समुद्र दाखवला. आईने पदर सावरत तो पाहिला. बसमध्ये बसल्यावर मात्र म्हणाली, "इतकं चांगलं वागायची काय गरज होती? आणि मामी काय मामी! इकडे सासूला म्हणतात ना मामी? लग्न ठरायच्या आधीच मामी. गोड बोलणाऱ्यांनीच तर घर बुडवलंय आमचं." ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय, पण ती रडत होती, आणि ते आईनेही पाहिलं.

त्या रात्री आई बाबांना म्हणाली, "शेवटचं एकदा त्यांच्या घरी जाऊन येऊ. पोरीला न्यायचं नाही. आडनाव विचारायचं. आडनाव सांगितलं, पटलं, तर ठीक. आढेवेढे घेतले तर विषय संपला, मी साताऱ्याला कळवून टाकते." बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं." ताईने भिंतीकडे कूस बदलली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा त्या गल्लीत गेलो. इस्त्रीवाल्याने मला ओळखून हात केला आणि आईने मान फिरवली. वर दार उघडलं ते माधवच्या वडिलांनी, त्यांना सगळे अप्पा म्हणत, अगदी बाबांसारखेच मवाळ आणि बोलायचं काम दुसऱ्यावर सोपवलेले. आत छोटीशी खोली, देव्हाऱ्यात भवानीचा टाक, फिल्टर कॉफीचा वास आणि वांगी शिजल्याचाही. आई खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स पोटाशी. आतून माधवची आई आली. अंबुजाबाई. तिच्या हातात थाळी होती, थाळीत पाण्याची तीन भांडी आणि प्रत्येकापाशी गुळाचा एक एक खडा.

गूळ बघून आई जराशी सैलावली. माहेरी आल्यासारखं तिने भांडं उचललं. मी मात्र खिळ्याला टांगलेल्या पिवळ्या पिशवीकडे बघत होते, आणि तिथून अंबुजाबाईंच्या केसांतल्या मोगऱ्याकडे. मी आईचा पदर ओढला. आईने झटकला.

"घ्या कीं, घ्या," अंबुजाबाई म्हणाल्या, स्वच्छ मराठीत. "पण तुम्हीं तिघेंच आलांत? ते पांच पुरुष कुठें राहिले? अजून निजले आहेत काय?"

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कसले पाच पुरुष?" बाबांनी मला विचारलं. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एकेक शब्द तिला आठवत असणार: टेहळणीला आलेली, डोळे फिरवणारी, पिशवीत वाकून बघ. सगळं त्या बाईंनी फटीपलीकडे उभं राहून ऐकलं होतं, कळून ऐकलं होतं, आणि मुकाट्याने पाणी प्यायल्या होत्या. आमची कुलुपबंद पेटी त्या दिवशी सताड उघडी होती. मला ताई दिसायला लागली, घरी खिडकीत बसलेली. संपलं, असं मी मनात म्हटलं.

"तुम्हाला मराठी..." आई कशीबशी म्हणाली. "मग तमिळ का बोललात?"

"तुम्हीं काय बोलतां तें ऐकावयास," अंबुजाबाई खाली पाटावर बसत म्हणाल्या. "मला संशय होता. एवढ्या दूरचे लोक, आपल्या मुलखांत मुलगे नाहींत काय, मग इकडे मुलगी कां देतात? कांहीं लपवीत असतील. बदली झाली कीं निघून जातील, मग आम्हीं कोणास पुसावें? म्हणून कोणास न सांगतां ट्रेनने आलें. खालीं पुसलें तर म्हणाले, ती बाई कोणाशीं बोलत नाहीं, दार उघडीत नाहीं. मग संशय आणखी वाढला."

अप्पा बायकोकडे आ वासून बघत होते. त्यांनाही हे नवंच होतं.

"मी तुम्हाला चोर म्हटलं," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तोंडावर म्हटलं. राग नाही आला?"

"आला कीं! जिना उतरेपर्यंत असा राग, वाटलें हें घर नको. गूळही मुठींत तसाच. मग ट्रेनमध्ये बसलें, हात चिकट झाला म्हणून तोंडांत टाकला. तोंडांत गूळ धरून राग किती वेळ धरायचा? आणि तुम्हीं आणखी एक बोललांत तें आठवलें. चोर असली म्हणून काय तिला तहान लागत नाहीं." अंबुजाबाई हसल्या. "घरीं येऊन माधवला म्हटलें, त्या घरांत संशय फार आहे. पण तो पोरीसाठीं आहे, आणि पाणी सर्वांसाठीं. चालेल."

आईने भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता ती काहीतरी टोचून बोलेल, कारण हरल्यावर ती हटकून टोचायची. पण तिने पदर डोळ्याला लावला आणि रडायला लागली, परक्यांच्या घरी, दिवसाढवळ्या, पर्स मांडीवरून घसरून खाली पडली तरी तिकडे न बघता. बाबा घाबरून अर्धे उठले. "माझ्या कमळीच्या वेळी," ती म्हणाली, "माझ्या कमळीच्या वेळी कुणी असं पाणी मागायला गेलं असतं ना... कुणीच गेलं नाही हो. आम्ही सगळे नुसते नटून बसलो होतो."

कमळी कोण, हे अंबुजाबाईंनी विचारलं नाही. त्या उठून आईच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, आणि मग आईने आपण होऊन त्यांना सगळं सांगितलं. आमच्या घरात आज भरीत आहे हे शेजारणीला न सांगणाऱ्या आईने. मधूनमधून अंबुजाबाई "अय्यो" म्हणत होत्या. दोन्ही नवरे कॉफी पीत क्रिकेटचं बोलायला लागले, एकाला आमची मराठी नीट कळेना, दुसऱ्याला तमिळ, पण त्यांचं काही अडलं नाही. मग पानं वाढली. पिटलं, म्हणजे आपलं पिठलं, केलंय म्हणून त्यांनी जे वाढलं ते वांगं घातलेलं सांबार निघालं. एरवी आईने त्यावर घरी जाईपर्यंत भाषण दिलं असतं. त्या दिवशी तिने दोनदा मागून घेतलं.

आजही या दोघी एकमेकींना रोज फोन करतात. आई आता साताऱ्याला असते, फोनवर कुणी अनोळखी बोललं की अजून म्हणते, "आधी तुमचं नाव सांगा, मग माझं विचारा," आणि बँकेच्या माणसाला तर ती रडवते. पुढे माझं लग्न ठरत होतं तेव्हा दोघी मिळून मुलाच्या गावाला "देवदर्शनाला" जाऊन आल्या होत्या, हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या सासूबाई अजून सांगतात, एकदा भर दुपारी दोन बायका पाणी मागायला आल्या होत्या, एक मराठी बोलत होती, दुसरी नुसती ऐकत होती.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. आवडीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताईने आमची पावलं ओळखून आधीच दार उघडलं, दोन्ही कड्या, साखळी, सगळं काढून ती उंबऱ्यात उभी होती. दिवसभर काही खाल्लं नसावं. तिने आईकडे बघितलं.

"आधी पाणी आण," आई खुर्चीत टेकत म्हणाली. "गूळही आण."

ताईने पाणी आणलं. आईने गुळाचा खडा तोंडात टाकला, सावकाश विरघळवला, पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! आडनाव विचारायचं राहिलंच की!"

ताई तिथंच खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. दार उघडंच होतं. शेजारच्या बाई घाबरून दारात आल्या आणि त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. आईने माझी वाट न बघता त्यांना खूण करून आत बोलावलं.